बायझंटाइन अनामिक फॉलिस: एक देखणं घ्यावं की झिजलेलं, दोनदा ठोकलेलं?

सुहास_मिरज

नमस्कार मंडळी. इथे शिवराई, दुदांडी, बहामनी तांबं यांवर चिक्कार धागे आहेत. हा विषय जरा लांबचा आहे, पण इथल्याच जाणत्यांना विचारावंसं वाटलं.

गेली काही वर्षं मी बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, तांब्याच्या नाण्यांच्या मागे लागलोय. त्यातही ज्यांना अनामिक फॉलिस म्हणतात ती नाणी (फॉलिस म्हणजे त्यांचं तांब्याचं नाणं). ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: साधारण ९७० पासून १०९२ पर्यंत कॉन्स्टँटिनोपलच्या टाकसाळीतून निघालेल्या बहुतेक तांब्याच्या नाण्यांवर बादशहाचं नावही नाही आणि चेहराही नाही. एका बाजूला येशू ख्रिस्त, डोक्यामागे क्रूस असलेलं तेजोवलय, हातात शुभवर्तमानाचा ग्रंथ. दुसऱ्या बाजूला चार ओळींत 'येशू ख्रिस्त, राजांचा राजा', किंवा पुढच्या प्रकारांत क्रूस, कुठे मेरी. राजाचं नावच नसल्यामुळे कुठलं नाणं कुणाच्या काळातलं हे ठरवायला अभ्यासकांची हयात गेलीये. आता ए पासून पुढे इंग्रजी अक्षरांनी वर्ग पाडतात.

प्रश्न असा. एका लिलावात दोन नाणी आहेत. पहिलं ए२ वर्गाचं, दुसऱ्या बॅसिलच्या काळातलं, मोठं, जाड, चेहरा स्वच्छ, ग्रंथाच्या कडेचे ठिपकेसुद्धा मोजता येतात. दुसरं बी वर्गाचं, जुन्या ए नाण्यावरच ठोकलेलं. दिसायला अगदी गबाळं, तीन पायऱ्यांवरचा क्रूस अर्धवट उठलाय आणि त्याच्या आडून आधीच्या नाण्यावरच्या ओळी डोकावतायत. किंमत पहिल्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा. बजेट एकाचंच आहे. घरचे म्हणतात पहिलं घे, माझा जीव दुसऱ्यात अडकलाय. तुम्ही काय कराल?

स्वाती_ठाणे

वाचनखूण साठवली. या विषयातलं ओ की ठो कळत नाही पण वाचायला मजा येणारे.

मेघना_एडिसन

पहिलं. डोळे झाकून पहिलं घ्या. मी इथे न्यू जर्सीत नाण्यांच्या प्रदर्शनांना जाते, तिथे झिजलेले अनामिक फॉलिस टोपल्यांत पडलेले असतात, २०-३० डॉलरला हवे तेवढे. ज्यात ख्रिस्ताचे डोळे, दाढी, झग्याच्या चुण्या सगळं शाबूत आहे असं ए२ मात्र रोज दिसत नाही. आणि ए२ चे पोटप्रकार किती आहेत बघा, वलयातल्या क्रुसाच्या हातांवर काय नक्षी आहे, ग्रंथावर ठिपके किती आणि कसे, मागच्या मजकुराच्या वर-खाली कुठलं चिन्ह आहे, यावरून ते ओळखतात. नाणं झिजलेलं असलं की हे काही म्हणता काही कळत नाही.

नाणेघाट

सुहासराव, धागा काढलात ते फार बरं केलंत. उत्तर शेवटी देतो, आधी थोडी पार्श्वभूमी, कारण तिच्यावाचून निवड करणं कठीण आहे.

लिओ सहाव्याचा (८८६–९१२) फॉलिस आठवा. नवीन संग्राहकाच्या हाती बहुधा पहिला तोच पडतो. पुढे दाढीवाला बादशहा, मागे चार ओळींत 'लिओ, देवकृपेने रोमनांचा राजा' अशा अर्थाचा मजकूर. आता त्याशेजारी अनामिक ए वर्गाचं नाणं ठेवा. मागच्या चार ओळींची मांडणी तीच! लोकांच्या हाताला सवय असलेलं नाणं तसंच ठेवलं, फक्त राजाच्या जागी ख्रिस्त आणला. मला हे या मालिकेतलं सगळ्यात हुशारीचं काम वाटतं.

हे केलं बादशहा जॉन त्झिमिस्केसने (९६९–९७६). अकराव्या शतकातला इतिहासकार स्कायलित्झेस सांगतो की त्याने नाण्यांवर ख्रिस्ताची प्रतिमा घालण्याचा हुकूम काढला, असं आधी झालं नव्हतं आणि त्याच्या मागून आलेल्या राजांनीही ते चालू ठेवलं. खरं तर सोन्यावर ख्रिस्त त्याच्या कितीतरी आधीचा आहे, दुसऱ्या जस्टिनियनने ६९० च्या दशकातच आणला होता. मग मूर्तिभंजनाच्या काळात तो गेला आणि ८४३ नंतर तिसऱ्या मायकेलच्या सोन्यावर परत आला. पण सोनं किती जणांच्या हातात पडणार? एका सोन्याच्या नोमिस्माला २८८ फॉलिस. तांब्यावर आला म्हणजे ख्रिस्त भाजीवालीच्या बटव्यात आला.

अमेय_कोथरूड

नाणेघाट, त्झिमिस्केस म्हणजे तोच ना ज्याने आधीच्या बादशहाचा राजवाड्यात खून केला? मग हे सरळ प्रायश्चित्त झालं की. हात रक्ताने माखलेले, नाव कशाला मिरवायचं, देवालाच पुढे करा.

नाणेघाट

हो, डिसेंबर ९६९, निकेफोरस फोकासचा खून. पॅट्रिआर्क (तिथला मुख्य धर्मगुरू) पॉलीयुक्टोसने प्रायश्चित्त घेतल्याशिवाय राज्याभिषेक करणार नाही म्हणून त्याला अडवलंही होतं. शिवाय राजवाड्याच्या खाल्के दरवाज्याशी असलेलं ख्रिस्ताचं देऊळ त्याने वाढवून बांधलं आणि त्याला पुरलंही तिथेच. त्यामुळे तुमचा तर्क अगदीच हवेतला नाही. पण नुसतं प्रायश्चित्त असतं तर पुढच्या राजांनी ते का चालवलं असतं? बॅसिल जवळजवळ ५० वर्षं गादीवर होता, त्याने कुणाचा खून करून गादी मिळवली नव्हती. तरी तांब्यावर त्याचं नाव नाहीच.

अमेय_कोथरूड

मग सोय म्हणून? राजा बदलला की ठसे बदलायचे कष्ट नकोत?

तांबट

सोय असती तर पुढे सारखे प्रकार कशाला बदलले असते अमेय. ए झालं, बी झालं, सी झालं, १०४० नंतर तर दर पाच-दहा वर्षांनी नवं चित्र. ठसे करणाऱ्याचं काम उलट वाढलंच. मला वाटतं 'राजांचा राजा' म्हणण्यातच बादशहाचं वजन वाढत होतं. मी त्याचा माणूस, तो वर बसलाय, खाली मी. आपली शिवराई बघा, एकीकडे 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'. तिथे राजाचं नाव घालणं हीच घोषणा होती, कारण आजूबाजूला सगळं दुसऱ्यांच्या नावाने चाललेलं. कॉन्स्टँटिनोपलात राजा कोण हे सगळ्या गावाला ठाऊकच होतं.

मेघना_एडिसन

+१ तांबट. शिवराईचा दाखला पटला.

डॉमनिक_वसई

मी इथे फारसा लिहीत नाही, वाचतो. पण या धाग्यावर राहवलं नाही.

आमच्या घरी ख्रिस्ताची तसबीर देव्हाऱ्यासारखी भिंतीवर उंच, रोज संध्याकाळी तिच्यासमोर रोझरी. काकांनी युरोपातून एक अनामिक फॉलिस आणला होता, तो हातात घेतला तेव्हा पहिली भावना जरा विचित्र होती. इतका झिजलेला की नाक-डोळे गेलेत, फक्त वलयातला क्रूस आणि ग्रंथाचा चौकोन उरलाय. वाटलं, येशूचा चेहरा लोकांनी पैसे मोजून मोजून पुसला. पावाला, मासळीला, कदाचित दारूलासुद्धा. हे त्यांना चाललं कसं? कुणीतरी सांगा, त्या काळी यावर कुणाला आक्षेप नव्हता का?

आणि एक, ए वर्गाच्या पुढच्या बाजूला कडेने 'इम्मानुएल' लिहिलंय. नाताळच्या गाण्यांत आम्ही म्हणतो तेच नाव. ते हजार वर्षं जुन्या तांब्यावर वाचताना मला भरून आलं होतं.

नाणेघाट

डॉमनिक, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात मोलाचा. आक्षेपाबद्दल एवढं सांगता येईल की प्रतिमा करावी की नाही यावर तिथे शंभराहून जास्त वर्षं भांडण झालं, माणसं मारली गेली, हद्दपार झाली. ८४३ मध्ये प्रतिमांची बाजू जिंकली. त्यानंतरच्या माणसाला प्रतिमा जितक्या जास्त हातांत जाईल तितकं बरंच वाटत असणार. नाण्यावरचा ख्रिस्त हा त्या विजयाचाही एक भाग आहे.

श्रीरंग_हंपी

आपल्याकडेही हा प्रश्न कुणी फारसा काढलेला दिसत नाही. विजयनगरच्या हरिहर-बुक्काच्या नाण्यांवर गरुड आणि हनुमान, कृष्णदेवरायाच्या सोन्यावर बाळकृष्ण, शिवाय उमामहेश्वर आणि लक्ष्मीनारायण आहेतच. देव पैशावर असला की पैसा पवित्र होतो असंच लोक धरत असावेत. माझी आजी लक्ष्मी म्हणून पैशाला पाय लागला तर नमस्कार करायची, त्यावर चित्र काय आहे ते न बघता.

गोंयकार

विषय ख्रिस्ती चित्रांचा निघालाच आहे तर गोव्याचं पण सांगतो. आल्बुकर्कने गोवा घेतला तो २५ नोव्हेंबर १५१०, सेंट कॅथरिनचा दिवस. म्हणून पोर्तुगीजांच्या गोव्यातल्या बझारुकांवर तिचं चाक येतं. आणि सोन्याच्या नाण्यांवर सेंट थॉमस, त्यावरूनच त्या नाण्यांना सांतोमे म्हणतात. बझारुक म्हणजे अगदी बाजारातला चिल्लर पैसा, तोही झिजून झिजून गुळगुळीत. डॉमनिकबाबांनी लिहिलं ते वाचून माझ्या डब्यातले सगळे बझारुक पुन्हा काढून बघितले. देव बरें करूं.

मेघना_एडिसन

गोंयकार, बझारुकांवर वेगळा धागा काढा हो, इथे पुरणार नाही ते.

तांबट

आता मूळ प्रश्नाकडे. मी दुसऱ्याच्या बाजूने. दोनदा ठोकलेल्या नाण्यांनीच या मालिकेचा क्रम लावलाय हे विसरू नका. टाकसाळीत जुनी नाणी परत यायची, ती वितळवत बसायची नाहीत, तशीच नव्या ठशांच्या मधे ठेवून वर हातोडा. जुनं चित्र पूर्ण चेपलं जायचं नाही, कुठेतरी उरायचंच. मग साधा हिशेब: वर असलेलं नाणं नंतरचं. बी खाली ए दिसलं तर ए आधीचं, डी खाली सी दिसलं तर सी आधीचं. बेलिंजरने १९२८ मध्ये आणि मग मार्गारेट थॉम्पसनने १९५४ मध्ये अथेन्सच्या अगोरातल्या (जुन्या बाजारचौकातल्या) उत्खननाच्या नाण्यांवरून हे वर्ग बसवले, त्यात अशा गबाळ्या नाण्यांचा वाटा फार मोठा. देखणं ए२ तुम्हाला ए२ एवढंच सांगतं.

माझ्याकडच्या एका बी नाण्याचं वर्णन करतो, मग सुहासरावांना काय शोधायचं ते कळेल. मागची बाजू, मधे क्रूस, तीन पायऱ्या, क्रुसाच्या दोन्ही अंगांना अक्षरं. दिवा डावीकडून, जवळजवळ टेबलाला टेकवून धरला की क्रुसाच्या उजव्या हाताखाली एक वाकडी रेघ उठते. नाणं जरा फिरवलं की ती रेघ म्हणजे ख्रिस्ताच्या खांद्यावरच्या झग्याची घडी आहे हे कळतं! म्हणजे ठोकणाऱ्याने नाणं उलटं ठेवलं, जुन्या पुढच्या बाजूवर नवी मागची बाजू बसली. पुढच्या बाजूला नव्या ख्रिस्ताच्या गालावरून जुन्या मजकुराच्या दोन ओळी आडव्या गेल्यात. एका तांब्याच्या चकतीवर दोन वेगवेगळ्या दिवशीचे दोन हातोडे. मला यापेक्षा देखणं काही नको.

अमेय_कोथरूड

तांबट, हे वाचून मीच बोली लावायला निघालो होतो, सुहासराव माफ करा 😄

सुहास_मिरज

अमेय, हात मागे घ्या! 😀

तांबट, अगदी हेच मला म्हणायचं होतं पण शब्द सापडत नव्हते. अजून एक विचारतो. सी वर्गाच्या तारखांवर एकवाक्यता नाही असं दिसतं. कुठे चौथ्या मायकेलच्या काळात (१०३४–१०४१) टाकतात, कुठे १०४२ ते १०५० धरतात.

नाणेघाट

आता बहुतेक जण १०४२–५० कडे झुकतात. सी वर्गातला ख्रिस्त हा 'अँटिफोनेटेस', म्हणजे आपल्या वतीने जामीन राहणारा, या प्रसिद्ध प्रतिमेसारखा आहे, गुडघ्यापर्यंतचा उभा. सम्राज्ञी झोईची या प्रतिमेवर अपार भक्ती. तिचा समकालीन प्सेल्लोस लिहितो की तिने त्या प्रतिमेची स्वतःसाठी प्रत करवून घेतली होती, तिच्याशी बोलायची, आणि प्रतिमेचा रंग बदलण्यावरून पुढचं भविष्य सांगायची. झोई १०५० मध्ये गेली. सी नाणं हातात घेतलं की मला ती म्हातारी दिसते.

शर्वरी_लंडन

मी कुठलंही नाणं घ्या म्हणणार नाही, आधी ते आलं कुठून ते विचारा म्हणेन. या नाण्यांचा मोठा साठा तुर्की, ग्रीस, बल्गेरिया इथल्या जमिनीतून निघतो. तुर्कीतला १९८३ चा २८६३ क्रमांकाचा कायदा आणि ग्रीसचा २००२ चा कायदा, दोन्हीकडे जमिनीत सापडलेलं सरकारचं. अमेरिकेचा बल्गेरियाशी २०१४ पासून आणि तुर्कीशी २०२१ पासून करार आहे आणि त्यांत नाणीही येतात, मेघनाताईंना ठाऊक असेलच. रात्री मेटल डिटेक्टर घेऊन शेत खणणाऱ्याने हे काढलं असेल तर त्यासोबत काय होतं, कुठल्या थरात होतं, सगळं कायमचं गेलं. थॉम्पसनने जे अगोरात केलं ते अशा नाण्यांवरून कधीच करता येणार नाही.

मेघना_एडिसन

शर्वरी, माहीत आहे, आणि म्हणूनच मी जुन्या संग्रहांतूनच घेते. पण टोपलीतल्या २०-३० डॉलरच्या नाण्याचा कागद कुणी ठेवलेला नसतो हेही खरं. सगळ्यांनाच चोर ठरवू नका.

शर्वरी_लंडन

चोर म्हणत नाहीये. कागद नसेल तर निदान जुना लिलाव, जुनी पावती, जुन्या संग्रहाचं पाकीट, काहीतरी मागा. मागणारे वाढले तर ठेवणारे वाढतील.

नाणेघाट

शर्वरीशी पूर्ण सहमत. आणि आपल्याकडचाही १९७२ चा कायदा आहे, १०० वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू धरलं जातं आणि पुरावस्तू देशाबाहेर नेण्यावर बंदी आहे. म्हणजे इथे आणलेलं नाणं उद्या बाहेर विकू असं मनात असेल तर आधी जाणकार वकिलाला गाठा.

पद्माकर_रत्नागिरी

भारतात जमिनीत सापडत नाहीत का ही? आमच्याकडे किनाऱ्याला पूर्वी रोमन जहाजं येत म्हणतात.

श्रीरंग_हंपी

पद्माकरजी, सोन्याची बायझंटाइन नाणी दक्षिणेत सापडलीत, कर्नाटकात अक्की अलूरचा साठा प्रसिद्ध आहे, पण ती पाचव्या-सहाव्या शतकातली. दहाव्या-अकराव्या शतकातलं हे तांबं म्हणजे त्यांच्या बाजाराची चिल्लर, ती इतक्या लांब कशाला येईल. कुणी 'कोकणात सापडलेलं' म्हणून अनामिक फॉलिस विकायला आणला तर लांबूनच नमस्कार करा.

पद्माकर_रत्नागिरी

समजलं. माझ्याकडे एक आहे, भाच्याने परदेशातून आणून दिलेलं. पावसाळ्यात त्यावर फिकट हिरवी भुकटी येते, पुसली की परत येते. चिंच लावून घासू का?

तांबट

नको नको नको!! चिंच, लिंबू, पितांबरी, ब्रासो काहीही नको. ती भुकटी म्हणजे ब्रॉन्झ डिझीज, धातूतला क्लोराइड आणि हवेतला ओलावा मिळून तांबं खातात. भुकटी लाकडी टूथपिकने हलके काढा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा, पाणी अधूनमधून बदलत राहा, हे कैक आठवडे चालतं. मग नीट, पूर्ण वाळवा. नंतर हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, जेल ओलं झालं की बदला. रत्नागिरीच्या हवेत हे बाराही महिने करावं लागणार. आणि ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांचा अल्बम असेल तर तो आजच काढून टाका.

मेघना_एडिसन

आणि वरचा काळपट-हिरवा थर, पॅटिना, घालवू नका. चकचकीत केलेलं नाणं कुणी घेत नाही. चेहरा जरा जास्तच रेखीव दिसत असेल आणि बाकी नाणं झिजलेलं असेल, तर कुणीतरी कोरणीने नवा चेहरा काढलाय असं समजा. ए२ मध्ये हे फार चालतं.

अमेय_कोथरूड

मेघनाताई, मग सुहासरावांचं पहिलं नाणं? 🙂

मेघना_एडिसन

फोटो टाका सुहास, बघू. केसांच्या रेषा आणि भोवतीच्या सपाट भागाचा पोत सारखा आहे का ते बघायचं.

डॉमनिक_वसई

मेरी असलेलं कुठल्या वर्गात येतं? काकांसाठी शोधतोय.

नाणेघाट

जी वर्ग, साधारण १०६५–७०. पुढे ख्रिस्त, मागे दोन्ही हात पसरून प्रार्थना करणारी मेरी. के वर्गातही आहे, तो १०८५ च्या पुढचा, आकाराने लहान. तोवर राज्याची हालत नाजूक, १०७१ मध्ये मांझिकर्टला तुर्कांकडून पराभव झालेला, सोन्यात भेसळ वाढलेली. १०९२ मध्ये अलेक्सिओस कोम्नेनोसने सगळी चलनव्यवस्थाच नव्याने बसवली आणि ही मालिका संपली.

आणि ही चित्रं पुढे कुठे कुठे गेली बघा. क्रुसेडर टँक्रेडने अँटिओकला सेंट पीटरचं चित्र घालून तांबं पाडलं, मजकूर ग्रीक. मार्दीनच्या अर्तुकी घराण्यातल्या नज्म अल-दीन अल्पीच्या (११५२–११७६) नाण्यावर मेरी राजाला मुकुट घालतेय आणि मजकूर अरबी! मुसलमान राजाचं नाणं. बाजारात ओळखीचं चित्र चालतं हे त्यालाही ठाऊक होतं.

डॉमनिक_वसई

जी बघतो मग. अल्पीचं नाणं तर बघायलाच हवं. आभार सर.

सुहास_मिरज

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्याचा फोटो मेघनाताईंना व्यक्तिगत निरोपातून पाठवला होता, त्यांच्या मते चेहऱ्यावर कोरणी फिरलेली नाही, नाणं अस्सल आणि चांगलं आहे. तरीही मी दुसरंच घेतोय. शर्वरी यांचं वाचून विक्रेत्याला आधीचा इतिहास विचारला, त्याने एका जुन्या संग्रहाचं हाताने लिहिलेलं पाकीट आणि आधीच्या लिलावाची नोंद पाठवली. पहिल्या नाण्याबद्दल त्याच्याकडे काहीच नव्हतं. घरी अजून सांगितलेलं नाही.

नाणेघाट

उत्तम निवड. मीही शेवटी तेच सांगणार होतो. आलं की वजन आणि व्यास मोजून इथे टाका. फोटो काढताना दिवा एकदा डावीकडून, एकदा वरून, आणि नाणं दर वेळी थोडं थोडं फिरवून. खालचं नाणं ए१, ए२ की ए३ हे वजनावरून सुटणार नाही, पण कडेला वलयाचा एखादा तुकडा किंवा मजकुराखालचं चिन्ह उरलं असेल तर बसून लावू.

तांबट

आणि पुढची-मागची बाजू एकमेकांना किती फिरलेली आहे तेही लिहा. जुन्या नाण्याची दिशा त्यावरून पटकन सापडते.